सोसायटीचं दप्तर कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवावं?

मावळत्या सचिवांनी चार्ज देताना माझ्यासमोर तीन वस्तू ठेवल्या: लोखंडी कपाटाची किल्ली, सोसायटीचा गोल शिक्का आणि एक सीडी. सीडीवर मार्करनं लिहिलं होतं, ‘सर्व इतिवृत्ते, १९९९ ते २००६’. ‘सगळं आहे हो त्यात, काळजी करू नका,’ ते म्हणाले. ते खरंच बोलत होते. सगळं होतं त्यात, फक्त वाचता येत नव्हतं.

सीडी चालवणारं यंत्र शोधण्यातच एक रविवार गेला. फायली कॉपी झाल्या, वर्डमध्ये उघडल्याही. पण पानभर नुसत्या खुणा. डोक्यावर टिंबं असलेली युरोपियन अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. त्या गर्दीत ‘वॉटरप्रूफिंग’ हा एकच शब्द इंग्रजीत, स्वच्छ, ठळक. म्हणजे त्या सभेत गच्चीच्या गळतीवर चर्चा झाली होती एवढं कळलं. काय ठरलं ते नाही.

गंमत अशी की त्याच कपाटात १९८७ सालची हाताने लिहिलेली इतिवृत्ताची वही होती. कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई फिकट झालेली, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येत होती.

हे आपल्याला नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. अडतं ते वाचणाऱ्यापाशी, कारण मोडी सराईतपणे वाचणारी माणसं मोजकी उरली. फाइलचा फॉरमॅट म्हणजे नेमकं हेच, ती त्या फाइलची लिपी असते. फाइल जपणं हे निम्मं काम, ती लिपी वाचणारं कुणीतरी पुढेही असेल याची तजवीज हे उरलेलं निम्मं. आणि मराठी कागदपत्रांच्या बाबतीत या लिपीचे दोन थर असतात, त्यामुळे आपली पंचाईत इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा दुप्पट. आधी खालचा थर बघू.

फाइलमध्ये मराठी आहे की मराठीचं सोंग?

युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधी संगणकावर मराठी उमटवण्यासाठी एक जुगाड वापरला जायचा. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवायची आणि फॉण्ट असा बनवायचा की त्या अक्षरांच्या जागी पडद्यावर देवनागरी आकार दिसतील. कृतीदेव या फॉण्टचं उदाहरण घ्या. त्यात ‘कमल’ हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये प्रत्यक्षात ‘डी’, ‘ई’ आणि ‘वाय’ ही तीन इंग्रजी अक्षरं जातात. कृतीदेव असलेल्या संगणकावर ती क, म, ल अशी दिसतात, नसलेल्यावर डी, ई, वाय. फाइलला मराठी ठाऊकच नसतं, मराठीचा मुखवटा फॉण्टकडे असतो.

त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या फॉण्टांची आणखी वेगळी. एकाच्या फाइलला दुसऱ्याचा फॉण्ट लावला की मराठीसारखी दिसणारी, पण कुठल्याच भाषेत नसलेली ओळ तयार होते.

प्रमाण नव्हतं असं नाही. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉण्टही आला. पण टायपिंग सेंटरवरच्या बोटांना जुनी सवय होती आणि छापील प्रत व्यवस्थित येत होती, मग बदलायचं कुणी? काही ठिकाणी अजूनही बदललेलं नाही. गेल्याच वर्षी मला एका टायपिस्टकडून करारनाम्याचा मसुदा जुन्या फॉण्टमध्ये आला.

तेव्हा फॉरमॅट कुठला, हा प्रश्न नंतरचा. आधी एक छोटी चाचणी करा. फाइलमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड आहे. इंग्रजी खुणा उमटल्या तर ती फाइल आजच कामाला घ्या, कारण ज्याला त्या फॉण्टचं नाव आठवतं तो माणूस आज फोन उचलतोय.

नाव आठवत नसेल तरी वर्ड मदत करतं. मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या चौकटीत मूळ फॉण्टचं नाव दिसतं, तो फॉण्ट संगणकावर नसला तरी. ते नाव कळलं की त्या फॉण्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन शोधायचं. बहुतेक प्रचलित फॉण्टांसाठी अशी साधनं फुकट मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरं सुटतात. शिवाय मजकुरात मध्येच खरोखरचं इंग्रजी असेल तर साधन त्याचंही ‘मराठी’ करून टाकतं. आमच्या एका इतिवृत्तात ठेकेदाराचा ईमेल पत्ता होता. रूपांतरानंतर तो एखाद्या बीजमंत्रासारखा दिसत होता. इंग्रजी भाग आधी बाजूला काढून ठेवायचा, हे मी ठेच लागल्यावर शिकलो.

युनिकोड झालं म्हणजेही गंगेत घोडं न्हालं असं नाही. ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेला र वापरून, आणि दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून ‘पायऱ्या’ शोधलं तर निम्म्या फायली सापडतच नाहीत. ‘ॲडव्हान्स’मधल्या ॲचंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक अ लिहून त्यावर चंद्र काढायचे, अजूनही काढतात. सोसायटीच्या दप्तरात शोधाशोध करताना मी असे शब्द दोन्ही तऱ्हांनी शोधतो.

डॉक, डॉक-एक्स आणि ओडीटी

आता वरचा थर, म्हणजे खुद्द फाइलचा फॉरमॅट. नावाच्या शेवटी टिंबानंतर जे शेपूट असतं त्यावरून तो ओळखायचा.

वर्डचा जुना ‘डॉक’ हा बंद डबा होता. आत बाइट कसे रचलेत हे बरीच वर्षं मायक्रोसॉफ्टलाच नीट ठाऊक, बाकीच्यांनी अंदाजानं शोधून काढलेलं. २००८ मध्ये कंपनीनं त्याचं वर्णन सगळ्यांसाठी खुलं केलं, तोपर्यंत एक पिढी त्यात लिहून मोकळी झाली होती. ऑफिस २००७ पासून ‘डॉक-एक्स’ आला, आणि तो मुळातच वेगळ्या जातीचा आहे.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. एखाद्या डॉक-एक्स फाइलची प्रत काढा आणि तिचं शेपूट बदलून ‘झिप’ करा. ती पिशवीसारखी उघडते. आत काही फोल्डर असतात, त्यातल्या ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. मी गेल्या महिन्याची नोटीस अशी उघडली. कोनी कंसांतल्या इंग्रजी खुणांचं जंगल होतं, पण त्यात ‘सर्व सभासदांना’ दिसलं, थोडं पुढे ‘कळविण्यात येते’, आणखी पुढे ‘की’. वाक्याचे तुकडे झाले होते, कारण मी ते लिहिताना मधे मधे दुरुस्त्या केल्या होत्या आणि वर्डनं प्रत्येक तुकडा वेगळा बांधला होता. पण मराठी मराठीत होतं. उद्या वर्ड नावाचा प्रोग्रॅम पृथ्वीवरून नाहीसा झाला तरी साध्या नोटपॅडनंही एवढं हाती लागेल. जुन्या डॉकमध्ये ही खात्री नाही.

लिबरऑफिस या वर्डसारख्याच, पण मोफत सॉफ्टवेअरचा ‘ओडीटी’ही असाच पिशवीवजा आहे. तो ज्या ओपनडॉक्युमेंट कुटुंबातला, ते कुटुंब २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं. मायक्रोसॉफ्टचं कुटुंब, म्हणजे डॉक-एक्स, एक्सेलचा एक्सएलएस-एक्स वगैरे, त्यानंतर दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांत बरीच भांडणं झाली. मायक्रोसॉफ्टच्या मानकाचा मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता. त्यावर भारतीय मानक ब्यूरोनं विरोधात मत दिलं, आणि मानक मंजूर झाल्यावर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या चार देशांनी अपील केलं. ते फेटाळलं गेलं.

विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मला फार पटतं. जुन्या चुकांशी सुसंगत राहण्यासाठी त्या चुकाच मानकात आल्या, असं ते म्हणत. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. ही चूक मुळात लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅममधली. त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलनं ती तशीच ठेवली आणि एक्सेलबरोबर ती मानकात शिरली. कधीच न उजाडलेला २९ फेब्रुवारी १९०० आज जगभरच्या हिशेबांत बसलाय.

तरीही मी ओडीटीचा झेंडा घेऊन फिरत नाही. आमच्या कमिटीत सात जणांपैकी सहा जण वर्ड वापरतात आणि सातवे काका मोबाइलवर वाचतात. ओडीटी पाठवली की तीन फोन येतात, ‘अहो, हे काय पाठवलंत, उघडत नाही.’ वर्ड ओडीटी उघडतं, पण कुणी डबलक्लिक करून बघायला तयार नसतं. चालू कामासाठी डॉक-एक्स ठीक आहे. जुने डॉक मात्र एकदा बसून नव्यात आणावेत. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच २००७ मध्ये ऑफिस २००३च्या एका सुधारणेत सुरक्षेच्या कारणानं काही फार जुन्या प्रकारच्या फायली उघडणं बंद केलं होतं, तेव्हा ‘आमचंच आहे, आम्हीच उघडू’ या भरवशावर बसू नये.

बाहेर पाठवताना डॉक-एक्सचा एक धोका आहे, तो आम्ही पैसे मोजून शिकलो. रंगकामाच्या ठेकेदाराला आम्ही पत्र पाठवलं. पत्रात बदल नोंदवण्याची सोय चालू राहिली होती. ठेकेदारानं फाइल उघडली तेव्हा त्याला आमची अंतिम रक्कम तर दिसलीच, शिवाय तिच्या शेजारी खोडलेली आधीची, मोठी रक्कम आणि खजिनदारांचा शेरा, ‘इथपर्यंत जाऊ शकतो.’ तो इथपर्यंतच आला. समोरच्यानं दुरुस्ती करायची असेल तरच डॉक-एक्स पाठवावी. नुसती वाचायची असेल तर पीडीएफ.

पीडीएफ म्हणजे कागदाचं चित्र, पण नुसतं चित्र नाही

पीडीएफ १९९३ साली ॲडोबीनं आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओ मानक झाला. त्यामागची कल्पना सोपी आहे. वर्डच्या फाइलमध्ये ‘हा मजकूर, हा फॉण्ट, एवढा समास’ अशा सूचना असतात आणि पान कसं पाडायचं हे उघडणारा संगणक ठरवतो. म्हणून तुमच्याकडे दोन पानांत बसलेली नोटीस माझ्याकडे तिसऱ्या पानावर जाते. पीडीएफमध्ये पान आधीच पाडलेलं असतं: हा आकार पानावर या जागी, तो आकार त्या जागी. सगळीकडे सारखं दिसतं ते यामुळे.

पण आकार कुठून आणायचा? फॉण्टमधून. तो पीडीएफच्या पोटात भरलेला असेल तर उत्तम. नसेल तर उघडणारा संगणक आपल्याकडचा एखादा फॉण्ट लावून बघतो आणि आपण पुन्हा सीडीच्या गावाला. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या गुणधर्मांत फॉण्टची यादी असते. प्रत्येक नावापुढे तो आत भरलाय की नाही ते लिहिलेलं असतं. एकदा बघून घ्यावं.

दीर्घकाळ ठेवण्यासाठी पीडीएफचीच एक कडक शिस्तीची जात आहे, पीडीएफ-ए. २००५ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. नियम असे की सगळे फॉण्ट पोटात हवेत, पासवर्डचं कुलूप चालणार नाही, आत स्क्रिप्ट नको, बाहेरच्या कुठल्या फाइलवर दिसण्यासाठी अवलंबून राहायचं नाही. थोडक्यात, घरून डबा घेऊन येणारी फाइल. पुढे २०११, २०१२ आणि २०२० मध्ये तिचे आणखी भाग आले. पहिल्या भागात आत दुसरी फाइल जोडता येत नाही, दुसऱ्यात फक्त पीडीएफ-ए जोडता येते, तिसऱ्यात कुठलीही.

आकड्यापुढे येणारं अक्षर मराठीसाठी जास्त महत्त्वाचं. ‘बी’ म्हणजे दिसायला बरोबर, एवढीच हमी. ‘यू’ म्हणजे प्रत्येक आकारामागचं युनिकोड अक्षरही नोंदलेलं. ‘ए’ म्हणजे त्याशिवाय मजकुराची रचना, म्हणजे शीर्षक, परिच्छेद, तक्ते, हेही नोंदलेलं. साधनात निवड मिळाली तर ‘२-यू’ घ्या.

का, ते बघायचं असेल तर एखाद्या मराठी पीडीएफमधून ‘समिती’ शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. बऱ्याचदा ‘सिमती’ येतं. ‘किल्ली’ची वेलांटी क सोडून आधीच येऊन उभी राहते. पीडीएफ आकार लक्षात ठेवतो आणि ऱ्हस्व वेलांटी पानावर अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी काढली जाते. बोलताना ती नंतर येते. आकारापासून अक्षरापर्यंत परत येण्याचा नकाशा फाइलमध्ये नीट नसेल तर सगळं उलटंपालटं होतं. दिसायला देखणी, शोधायला आंधळी फाइल. आणि ‘यू’ असली तरी सगळी जोडाक्षरं सुखरूप परत येतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणूनच नुसती पीडीएफ ठेवून मूळ फाइल उडवू नये. ठराव पाच वर्षांनी उद्धृत करायचा झाला तर वेलांट्या निस्तरत बसावं लागतं.

करायची कशी? लिबरऑफिसमध्ये पीडीएफ म्हणून निर्यात करताना चौकटीत पीडीएफ-एचा पर्याय असतो, त्यावर टिचकी मारा. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून जतन करताना पर्यायांत तोच सापडतो. लिबरऑफिसमध्ये याच चौकटीत एक छुपं रत्नही आहे. मूळ ओडीटी फाइल पीडीएफच्या पोटात घालता येते. वाचणाऱ्याला ती पीडीएफ दिसते आणि लिबरऑफिसमध्ये उघडली की संपादन करता येतं. तयार झालेली पीडीएफ-ए खरोखर नियमात आहे का, हे व्हेरापीडीएफ हे मोफत साधन तपासून देतं. सोसायटीच्या नोटिशीसाठी एवढा खटाटोप करू नका, पण अभिहस्तांतरणाची कागदपत्रं असतील तर करा.

आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत मात्र तिसरीच. वर्डमध्ये लिहायचं, छापायचं, सही करायची, मोबाइलनं फोटो काढायचा, त्याची पीडीएफ करायची आणि मूळ फाइलवर पुढच्या महिन्याची नोटीस टाइप करायची. सही हवी म्हणून स्कॅन ठेवणं बरोबरच आहे. पण ते अक्षरांचं चित्र आहे, त्यात काहीच शोधता येत नाही. सहीचं स्कॅन आणि मजकुराची फाइल, दोन्ही एकाच फोल्डरात, एकाच नावानं ठेवा.

सहीवरून आठवलं. महाभूमीवरून उतरवलेला डिजिटल सहीचा सातबारा किंवा डिजिटल सहीचं कुठलंही प्रमाणपत्र जसं आलं तसंच ठेवायचं. ‘नीट’ करण्यासाठी पुन्हा पीडीएफवर छापलं किंवा दुसऱ्या पानांना जोडलं की सहीचं नुसतं चित्र उरतं, तपासता येणारी सही जाते. पीडीएफ-ए करण्याच्या उत्साहातही हे होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदी जतन करण्याच्या अटी आहेत, आणि त्या या सगळ्याला छान लागू पडतात. माहिती पुढे वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. ती मूळ फॉरमॅटमध्ये, किंवा मूळ माहिती अचूक दाखवते असं सिद्ध करता येईल अशा फॉरमॅटमध्ये हवी. आणि ती कुणाकडून, कुणाला, केव्हा गेली हे ओळखू येईल असा तपशील हवा. तेव्हा आलेल्या ईमेलमधली फक्त जोडलेली पीडीएफ ठेवून ईमेल उडवणं म्हणजे पत्र ठेवून पाकीट फाडून टाकणं.

हिशेबाच्या चौकटी

तक्त्यांचं गणित वेगळं आहे. मेंटेनन्सच्या वहीची पीडीएफ केली की आकडे उरतात, सूत्रं जातात. लेखापरीक्षकाला दाखवायला ती पुरते, पुढच्या वर्षी त्यावर काम करायला नाही. मी वर्षाअखेरीस तीन प्रती ठेवतो: एक्सएलएस-एक्स, त्याची पीडीएफ-ए आणि प्रत्येक पानाची सीएसव्ही. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला निव्वळ मजकूर. रंग नाहीत, सूत्रं नाहीत, पण ती कशातही उघडते. जतन करताना यादीतून युटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) असलेली सीएसव्ही निवडा, नाहीतर सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

सीएसव्ही ठेवण्यात धोका नाही, ती एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडण्यात आहे. फ्लॅट क्रमांक ‘००४’ असेल तर ४ होतो. ‘३-१२’ असेल तर ती ३ डिसेंबर होते आणि बिचारे सभासद तारखेत राहायला जातात. हसू नका. जनुकांना नावं देणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या सप्टेंबर आणि मार्चमधल्या तारखा करत होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण अहवालांतून काही दिवस गळाले होते. जुना एक्सएलएस फॉरमॅट एका पानावर ६५,५३६ ओळींच्या पुढे जात नाही. त्यापुढच्या ओळी शांतपणे गळून पडल्या. नव्यात ही मर्यादा दहा लाखांच्या पुढे आहे. कुठल्याही सोसायटीला इतक्या ओळी लागणार नाहीत, पण जुना एक्सएलएस सोडायला आणखी कारण कशाला हवं?

हिशेबाचं खास सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा बॅकअप हा जतन केलेला हिशेब नाही. तो त्याच सॉफ्टवेअरच्या त्याच सुमाराच्या आवृत्तीत उघडतो. दर वर्षी खतावण्या बाहेर काढून ठेवायच्या.

उरलेलं थोडक्यात सांगतो. जुने कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, स्कॅन करा. त्यासाठी मोबाइलचा फोटो शेवटचा पर्याय. जेपीईजी संपादित करून पुन्हा पुन्हा जतन केला की दर वेळी थोडा झिजतो. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे त्याचा चुरा होत नाही. फाइलच्या नावात तारीख वर्षापासून सुरू करा, वर्ष, महिना, दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. दप्तरातल्या फायलींना पासवर्ड लावू नका. त्याऐवजी कपाटाला कुलूप लावा. पासवर्ड लक्षात असलेला खजिनदार फ्लॅट विकून मुलीकडे कॅनडाला जातो, आणि तिथली पहाट आपल्या संध्याकाळी होते.

पंचविसाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये केली होती. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, पुढे तो बंदच झाला. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये ती फाइल उघडली. रांगोळीच्या चौकटी जागेवर होत्या, अध्यक्षांचं मनोगत मात्र पुन्हा त्याच टिंबवाल्या अक्षरांत. रूपांतर करून वाचलं. मनोगतात पहिला परिच्छेद गच्चीच्या गळतीबद्दल होता.

सीडीवरच्या इतिवृत्तांना दोन संध्याकाळी लागल्या. मला खरं तर एकाच सभेत रस होता. पार्किंगच्या जागा कुणाला आणि कोणत्या ठरावानं दिल्या यावरून सोसायटीत दोन तट आहेत. २००२च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ते ठरलं होतं असं दोन्ही तट शपथेवर सांगतात, आणि नेमक्या त्याच वर्षाची छापील पानं गहाळ आहेत. फाइल युनिकोडमध्ये आली, रफार जागेवर बसवले, वेलांट्या सरळ केल्या. विषय क्रमांक सात, पार्किंग. खाली एकच ओळ होती: ‘वेळेअभावी सदर विषय पुढील सभेत घ्यावा असे सर्वानुमते ठरले.’